आक्षेपाची खुर्ची

भोरात भाड्याचं घर बघायला गेलं की मालक दोन-तीनच गोष्टी विचारतो. नोकरी कायम आहे का, माणसं किती, आणि घरात मटण-मासळीचं वशाट शिजतं का. या घराच्या मालकीण बाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझं आडनाव ऐकलं, वडील चर्चचे पाळक होते हे ऐकलं, आणि ओट्यावरच्या दोन खुर्च्यांपैकी एकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "प्रोटेस्टंट ना? बरं झालं. बसा. आमच्या कॅथलिकांच्या कुठल्या गोष्टीला आक्षेप आहे ते सांगा."

मी तोवर अर्ध्या भोराचे जिने चढून-उतरून वैतागले होते. हिर्डोशीच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी बदली झाली होती. स्टँडजवळ घर हवं होतं, आणि बरोबर गुडघे दुखणारी आई होती. पण आक्षेप म्हटल्यावर माझ्यातली पाळकाची मुलगी जागी झाली. खुर्चीत बसले आणि म्हणाले, तुम्ही मरियेची मूर्ती पुजता, ते चूक आहे.

बाईंनी मान हलवली. आक्षेप चांगला आहे, पण ढिला मांडलायस, असं म्हणून त्यांनी माझाच आक्षेप मला नीट मांडून दाखवला. माझ्या वडिलांनी आयुष्यभर प्रवचनं दिली, पण मूर्तीविरुद्ध इतकं चोख बोलणं त्यांनाही कधी जमलं नव्हतं. मग तोच आक्षेप त्यांनी एकेक टाका उसवावा तसा उसवला. मान देणं वेगळं आणि पुजणं वेगळं. तुझ्या सामानात वडिलांचा फोटो असेल, तो तू पुसून ठेवत असशील, मग कागद पुजतेस का? फोटो खरंच होता. त्यानंतर चहा आला. आक्षेप घेतल्याशिवाय चहा नाही, असा त्या घरचा नियमच होता. तेवढ्या वेळात आईनं नळाला पाणी कधी येतं ते शेजारणीकडून काढून घेतलं होतं.

आम्ही माडीवर राहायला गेलो.

बाई मूळच्या नगरकडच्या. भोरला गणित शिकवायला आल्या, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर इथंच राहिल्या. उंच, हाडकुळ्या, मनगटाला जपमाळ गुंडाळलेली आणि काखेत छत्री. भर उन्हाळ्यात, घरातल्या घरातसुद्धा छत्री. वाद घालताना हाताला काहीतरी लागतं, असं त्यांचं म्हणणं. भोरात आपण एकट्याच कॅथलिक आहोत असं त्या सांगायच्या, आणि त्याचं त्यांना दुःख होतं की अभिमान ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. महिन्यातून एकदा पुण्याहून फादर यायचे आणि पुढच्या खोलीत मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, व्हायची. बाकीच्या रविवारी त्या पहिल्या एसटीनं पुण्याला जायच्या आणि दुपारच्या आत परत यायच्या, कारण दुपारी आमच्या प्रोटेस्टंट मंडळीची उपासना माझ्या खोलीत असायची आणि ती सुटायच्या वेळी त्यांना ओट्यावर हजर राहायचं असायचं.

शेजारपाजारच्या बायकांनी त्या खुर्चीत बसलेलं त्यांना चालायचं नाही. त्यांनी पायरीवर बसायचं, ओट्याच्या कडेला बसायचं. ती खुर्ची फक्त ख्रिस्ती माणसासाठी होती, तीही आक्षेप असला तर. आणि कुणी चटकन पटलं म्हणून उठायला लागलं तर बाई चिडायच्या. "पटलं म्हणून सुटका नाही. रीत दाखव." वर्गात म्हणायच्या तसंच. उत्तर बरोबर असून रीत नसली तर त्या शून्य द्यायच्या असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात, आणि ते आता दुकानदार झालेत, तरी बाई दिसल्या की उभे राहतात.

मला त्यांचा हेवा वाटायचा. उगाच आडपडदा कशाला. आमच्या मंडळीची घरं मोजकीच. दवाखान्यातल्या दोन नर्स, बँकेतलं एक जोडपं, आम्ही दोघी आणि अधूनमधून येणारे. गाणी मी बसवायची, सतरंज्या मी घालायची, पोहे मी करायची. आणि उपासना संपली की सगळे पोहे खाऊन खाली ओट्यावर. माडीवर दीड तास न बोललेली माणसं तिथं घडाघडा बोलायची. नर्सबाई विचारायच्या, पाप फादरला कशाला सांगायचं, थेट देवालाच का नाही. बाई म्हणायच्या, तुमच्या दवाखान्यात रोगी घरूनच थेट देवाला ताप सांगतो का? माणसं हसायची. मी वर सतरंज्या झटकत असायची, जरा जोरातच.

एकदा पुण्याहून एक तरुण पाळक आला. बाईंविषयी ऐकून आला होता आणि त्यांना वाटेवर आणायचं ठरवूनच आला होता. मी मनातून खूश होते. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, मरिया आणि संत मेलेले आहेत, मेलेल्यांकडे मागणं म्हणजे देवाचा अपमान. बाईंनी आधी त्याचा आक्षेप दुरुस्त करून दिला, मग विचारलं, इथं येण्याआधी आईला सांगितलंत का, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून? तो म्हणाला, सांगितलं. मग तेव्हा देवाचा अपमान झाला का? तो म्हणाला, आई जिवंत आहे. "आणि देवाजवळ गेलेली माणसं देवाजवळ असून तुमच्या आईपेक्षा कमी जिवंत झाली?" बाईंनी विचारलं. तो त्यावर बरंच काही बोलला, मग चहा प्याला. जाताना मला म्हणाला, ताई, तुमच्या घरमालकीण म्हणजे काय बाई आहेत हो. मला हवं होतं ते हे नव्हतं.

पण बाईंनाही पेच पडायचे. एका नवरात्रात शेजारच्या काकू खण-नारळ घेऊन आल्या आणि पुढच्या खोलीतल्या मरियेच्या मूर्तीची चक्क ओटी भरून मोकळ्या झाल्या. नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं. बाई बाजारातून आल्या आणि दारातच थबकल्या. मी जिन्यावरून बघत होते. बघा तुमचा मान देण्याचा प्रकार, असं माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार. बाईंनी काकूंना पायरीवर बसवलं आणि दुपारभर समजावलं की ही देवी नाही, ही माणूस आहे, आपण हिला पुजत नाही, हिला फक्त सांगतो की तुझ्या लेकाला आमचं सांग. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आई ल्येकाला सांगती. व्हय ना? मंग आमी काय येगळं केलं?"

मी हसले. बाईंनी छत्रीनं माझ्याकडे खूण केली. "हिला अर्धं कळलंय आणि तुला दुसरं अर्धं. तुम्ही दोघी मिळून एक चांगली कॅथलिक होते." नारळ त्यांनी काकूंना परत दिला नाही आणि फोडलाही नाही. तो महिनाभर फळीवर होता.

आता माझ्या भावाचं सांगायला हवं, त्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. तो धाकटा. आम्ही तेव्हा वेल्ह्यात राहायचो. तो जीप चालवायचा. राजगडावर जाणाऱ्या पोरांना नसरापूर फाट्यावरून पायथ्याच्या पालीला सोडायचं, शनिवार-रविवारी पुण्याच्या माणसांना पानशेतला न्यायचं. उपासनेला यायचा नाही, प्यायचा, उधारी करायचा, आणि तरी आईचा जीव त्याच्यातच. मी नोकरी केली, पगार घरात दिला, वडिलांचं आजारपण काढलं. आई माझ्याविषयी लोकांना सांगायची, लई गुणाची हाय. त्याच्याविषयी काही सांगायची नाही, फक्त जीपचा आवाज आला की उठायची. एका सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. आई म्हणाली, पुन्यांदा तोंड दावू नगंस. त्याच दुपारी पानशेतच्या रस्त्यावर जीप खाली गेली.

वडिलांनी त्याला स्वतः माती दिली आणि घरी येऊन आम्हाला सांगितलं की आता त्याच्यासाठी मागायचं नाही. माणूस गेला की त्याचा निवाडा देवाजवळ, आपण मधे पडायचं नाही. मेलेल्यांसाठी बोलू नये आणि मेलेल्यांशी बोलू नये. आमच्यात तसंच आहे, आणि मला ते तेव्हाही बरोबर वाटलं, आजही वाटतं. आईनं पदर तोंडाला लावला आणि ऐकलं. पुढे वडील गेले, तरी तिनं माझ्या भावाचं नाव काढलं नाही. तिनं देवाची मर्जी मानली असं मी समजून होते. मंडळीत मी तिचं उदाहरणही द्यायची.

भोरला आल्यावर आई दुपारी खाली जाऊ लागली. मी शाळेत, तिला एकटीला करमायचं नाही, हे ठीकच. पण मी आले तरी ती खालीच. भाकऱ्या झाल्या की मी जिन्यात उभी राहून हाक मारायची, "बाई, आईला सोडा आता, भाकरी गार होतेय." खालून बाईंचा आवाज यायचा, "पाच मिनिटं." मग मी तिथंच, पिठाच्या हातानं, कठड्याला टेकून थांबायची. त्यांचं बोलणं नीट ऐकू यायचं नाही. आईचं हसणं यायचं. माझ्याशी बोलताना ती हसायची नाही असं नाही, पण ते हसणं वेगळं होतं.

एकदा शाळा लवकर सुटली आणि मी दूध घालायला जाणाऱ्या टेम्पोतून भोरला आले. बोळातून शिरून जिन्याला लागले तर ओट्यावर आई खुर्चीत बसलेली दिसली. त्या खुर्चीत. उभ्या जन्मात तिनं कशालाही आक्षेप घेतला नव्हता. मी जिन्याच्या आडोशालाच थांबले.

"बाई, माझा बी येक आक्षेप हाय," आई म्हणत होती. "तुमी म्हंता, गेलेल्या मान्सासाठी मागाया येतं. ते खरं आसंल, तर म्या येवढी वर्सं तोंड शिवून बसले. त्यो तिकडं वाट बघत आसंल आन आई गप. मंग म्या कसली आई? आन खोटं आसंल, तर तुमी मला ते सांगितलं कशाला?"

बाईंनी तो आक्षेप दुरुस्त केला नाही. त्या उठल्या, आत गेल्या, आणि उत्तर देण्याआधी चहा घेऊन आल्या. असं मी त्या घरात पहिल्यांदाच बघितलं. छत्री त्यांनी जमिनीवर ठेवली होती.

मग त्या सावकाश बोलल्या. म्हणाल्या, काल आणि आज हे आपल्याला, देवाला नाही. तुम्ही आज जे मागाल ते त्यानं त्या दुपारीच ऐकलेलं असेल, जीप खाली जाताना. उशीर झाला असं आपल्याला वाटतं. तो कुठं आहे ते मला माहीत नाही, फादरलाही नाही. माहीत असतं तर मागायची गरजच नव्हती. मग त्यांनी शुद्धिस्थान म्हणजे काय ते सांगितलं, ज्यावरून माझे वडील तासभर तापायचे. "पोरगं भात लावून आलं, पाय चिखलानं भरलेले. त्याला कुणी हाकलत नाही, घर त्याचंच आहे. पण आत यायच्या आधी पाय धुवायचे. तेवढंच ते. आणि आईनं काय करायचं? तांब्या घेऊन पाणी ओतायचं."

"पर म्या त्येला म्हनले व्हते, तोंड दावू नगंस."

"आणि दुपारी तो आला असता तर?"

"ताट वाढून ठिवलं व्हतं की," आई म्हणाली.

मला ते माहीत नव्हतं. म्हणजे ताट माहीत होतं. त्या दुपारी मी शाळेतून आले तेव्हा चुलीशेजारी झाकून ठेवलेलं होतं, वांग्याची भाजी, भाकरी, वर कांदा फोडून. मला वाटलं माझ्यासाठीच आहे. मी बसून जेवले. बातमी आली ती संध्याकाळी. इतक्या वर्षांत आईनं मला ते सांगितलं नाही, आणि त्या छत्रीवाल्या बाईला चहाच्या एका कपावर सांगितलं.

त्या दिवसापासून दोघी संध्याकाळी ओट्यावर बसून माझ्या भावाचं नाव घ्यायला लागल्या. बाई माळ ओढायच्या, आई नुसती बसायची आणि मधे मधे त्याचं नाव यायचं. जिवंत होता तेव्हा त्यानं आई खाल्ली, आता मेल्यावरही त्याचंच. मी जिन्यात उभी राहून हाका मारायची. पाच मिनिटं, असं उत्तर यायचं.

नोव्हेंबरात कॅथलिक लोक मृतांचा दिवस पाळतात. त्या दिवशी बाई आईला घेऊन वेल्ह्याला माझ्या भावाच्या कबरीवर गेल्या. मी शाळेतून आले तर माडीला कुलूप. दिवस मावळता आल्या, दोघी धुळीनं माखलेल्या, एसटी बदलत बदलत. आई आल्या आल्या सांगत सुटली. वारं लई होतं, मेणबत्ती टिकंना, मग बाईंनी छत्री उघडून आडोसा केला. शेरडं घेऊन एक धनगरीण चालली होती, ती थांबली आणि विचारलं, कुनाचं हाय? माज्या ल्येकाचं, म्हनले. तर ती म्हणाली, मंग नाव घ्या की मोठ्यानं, त्येला ऐकू जायला नगं? "म्या मोठ्यानं घेतलं," आई म्हणाली. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्याच्या खड्ड्यावरचे दगड माझ्या पगारातून बसवलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले ती थेट ओट्यावर, आणि खुर्चीत बसले. म्हणाले, माझा आक्षेप आहे. बाईंचा चेहरा उजळला. छत्री सरसावून त्या पुढे झाल्या.

"तुम्ही माझी आई नेलीत," मी म्हणाले.

बाईंनी सरसावलेली छत्री मांडीवर आडवी ठेवली. मी विचारलं, ढिला मांडलाय का? रीत दाखवू?

"नको," त्या म्हणाल्या. "हा बरोबर मांडलायस."

त्या उठून आत गेल्या. चहा आणला, आपण घेतला नाही. मी मात्र सगळा प्याले.

त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी जिन्यावर ठक ठक ऐकू आलं. बाई माडीवर कधी यायच्या नाहीत, त्यांचा खुबा दुखायचा. छत्री टेकत, एकेका पायरीला थांबत त्या आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. म्हणाल्या, आजपासून आम्ही नाव इथं घेणार, तुझ्यासमोर. हरकत असेल तर सांग, मी खाली जाते. वर भिंतीवर वडिलांचा फोटो. आई माझ्याकडे बघत होती. मी तव्यावरची भाकरी उलटली. त्यांनी नाव घेतलं. बाई मला म्हणाल्या, तूही घे, बहीण आहेस. मी म्हणाले, आमच्यात नाही. त्यावर बाई वाद घालतील म्हणून मी वाट बघत होते, पण त्या नुसत्या बरं म्हणाल्या. मग रोज तसंच. मी तिघींना वाढायची. पण खोटं कशाला बोलू, त्यानं माझी आग काही शमली नाही. माझ्याच स्वयंपाकघरात त्या दोघी एकमेकींकडे तोंड करून आणि मी तव्याकडे.

पुढच्या थंडीत आई गेली. छातीत कफ साठला आणि चार दिवसांत गेली. आमच्या रीतीनं सगळं झालं, बाई मागे छत्रीला टेकून उभ्या होत्या. माणसं पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, तिच्यासाठी मागू का? ती तुमच्यातली, म्हणून विचारते. तुझा आक्षेप असेल तर नाही मागणार.

मी म्हणाले, आक्षेप आहे.

"मांड," त्या म्हणाल्या.

मला मांडता आला नाही. वडिलांचं सगळं पाठ होतं, तरी नाही. त्यानंतर संध्याकाळी ओट्यावर बाईंचे ओठ हलताना दिसायचे आणि मी दार लावून घ्यायची. तेव्हा हेवा सगळ्यात जास्त वाटला. माझ्या आईसाठी त्यांना रोज संध्याकाळी काम होतं आणि मला काहीच नव्हतं. मी धुणं वाळत घालायची, वह्या तपासायची, एकटीपुरती भाकरी टाकायची.

वर्षभरानं बाईही गेल्या. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही. नगरहून भाचा आला, त्यांना गावाकडं घेऊन गेला, आणि मला म्हणाला, ताई तुम्ही राहा, घर बंद राहण्यापेक्षा बरं. खालच्या खोल्यांना कुलूप आहे. ओट्यावरच्या खुर्च्या तशाच आहेत. काकू आता दुपारी बिनधास्त त्या खुर्चीत बसून मेथी निवडतात, त्यांना हटकायला कुणी नाही. मी बघते, पण मला ते आवडत नाही.

कधी कधी मी रीत मांडून बघते. बाईंचं खरं असेल, तर माझ्या भावाचे पाय एव्हाना धुऊन झालेत, आईनं तांब्या ठेवलाय, आणि ती बाईंशी बोलत बसलीय. वडिलांचं खरं असेल, तरी विश्वासानं गेलेली माणसं देवाजवळच, म्हणजे तीही बाईंशीच बोलत बसलीय. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येतं. बाईंनी पैकीच्या पैकी दिले असते. आणि मला तेच नेमकं सोसत नाही, की तिथंही त्यांनीच तिला गाठलंय.

काल भाकऱ्या जास्त झाल्या. पीठ कालवताना लक्ष नव्हतं. मी जिन्यात गेले, कठड्याला टेकले. खाली ओट्यावर कुणी नव्हतं, काकू घरी गेल्या होत्या. मेलेल्यांशी बोलू नये हे मला पाठ आहे.

"बाई," मी म्हणाले, "आईला सोडा आता. भाकरी गार होतेय."

पाच मिनिटं, असं कुणी म्हणालं नाही. पण मी थांबले तेवढी.